पोहे-जलेबीच्या गावात लो-कार्बचे चार दिवस

इंदूरमध्ये खाण्याचं घड्याळ वेगळंच चालतं. सकाळी सातला पोहे-जलेबी, अकराच्या सुमाराला कचोरी, दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी छप्पन दुकान आणि सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे मध्यरात्र उलटेपर्यंत खाऊगल्ली. यातलं जवळजवळ सगळं पोहे, मैदा, बटाटा, मका आणि साखर यांवर उभं आहे. त्यामुळे लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, आहार पाळणारे इथे येताना 'चार दिवस जाऊ देत' म्हणतात, नाहीतर दोन दिवस उपाशी हिंडतात आणि तिसऱ्या रात्री सराफ्यात तुटून पडतात. दोन्हींची गरज नाही. रात्री दहाला सराफ्यात काय होणार, हे सकाळी आठच्या न्याहारीत पोटात किती प्रथिनं गेली यावर ठरतं. पुढचे चार दिवस याच हिशेबाने आखले आहेत: हिवाळ्यातला प्रवास, मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघायचं, इंदूर, मांडू, महेश्वर करून परत.

हिशेब दिवसाला ६० ग्रॅम निव्वळ कर्बोदकांचा धरला आहे. निव्वळ म्हणजे एकूण कर्बोदकं वजा तंतू. घरी २०-३० ग्रॅमवर राहणाऱ्यांनाही प्रवासात ६० धरायला सांगावंसं वाटतं, कारण बाहेरच्या भाजीत कांदा किती, साखर किती, हे आपल्या हातात नसतं. वीसचा आकडा धरून निघालं की पहिल्याच जेवणात तो मोडतो आणि मग 'मोडलाच आहे तर' हा विचार सुरू होतो. प्रथिनं मात्र वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम, आणि त्यातली निदान २५ सकाळीच.

निघण्याआधी एक गोष्ट टाळू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असेल, तर कर्बोदकं कमी केल्यावर तोच डोस जास्त होतो आणि साखर एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल, तर धोका वेगळा आहे: फार कमी कर्बोदकं, उलट्या-जुलाब किंवा उपास यांच्या जोडीने रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस काहींना बदलावा लागतो. डॉक्टरांशी हे बोलणं निघण्याच्या आठवडाभर आधी व्हावं. गाडीत बसल्यावर फोन करून उपयोग नाही.

निघायची रात्र

अवंतिका एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी इंदूरला पोचते. म्हणजे एक जेवण गाडीत. गाडीत मिळणाऱ्या थाळीत पोळ्या, भात, पातळ वरण आणि बटाट्याची रस्साभाजी असते. त्यातून लो-कार्ब जेवण निवडून काढता येत नाही. डबा घरूनच न्यावा.

सगळ्यात भरवशाचा डबा पनीर भुर्जीचा. एका माणसाला १५० ग्रॅम पनीर, अर्धा कांदा, अर्धा टोमॅटो, एक चमचा तेल, हळद, हिरवी मिरची. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायची, ताटात पसरून गार करायची आणि मगच डब्यात भरायची. गरम भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, भाजीवर गळतं आणि नऊ वाजेपर्यंत आंबूस वास येतो. भुर्जी खराब होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. सोबत काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. अंडी चालत असतील तर उकडलेली अंडी सालासकट न्यावीत. सोललेलं अंडं उबेत फार टिकत नाही.

सामानात दोन गोष्टी फसवतात. फुटाणे आणि मखाणे. दोन्ही 'डाएटचे' म्हणून पिशवीत पडतात. मखाण्यात शंभर ग्रॅमला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, फुटाण्यांतही पन्नासच्या वर. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत निव्वळ आठ, बदामात नऊ. पिशवीत शेंगदाणे, बदाम आणि सुक्या खोबऱ्याचे काप एवढंच असावं. जागा असेल तर एक छोटी किटली, इसबगोल आणि मिठाची पुडी. या तिन्हींचं काम पुढे येईल.

पहिला दिवस: स्टेशन, राजवाडा, छप्पन दुकान

स्टेशनाबाहेर पडल्यापडल्या पोहे. इंदुरी पोहे आपल्यासारखे कढईत परतून ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पातेलं ठेवून ते वाफेवर गरम राखतात, म्हणून दुपारपर्यंत मऊ राहतात. वरून शेव, बुंदी, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर जीरावन, म्हणजे इथला कोरडा मसाला. एका प्लेटमध्ये कोरडे पोहे ४५ ते ५० ग्रॅम धरले तर ३५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं तिथेच झाली. शेव-बुंदीचे आणखी सहा-सात. शेजारी दोन वेढे जलेबी, साधारण ५० ग्रॅम, त्याचे तीस. न्याहारीतच सत्तरी ओलांडली, आणि पोटात प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. म्हणूनच अकराला पुन्हा भूक लागते आणि कचोरी समोर येते.

पोहे अजिबात खाऊ नका असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नये. इंदूरला जाऊन पोहे न खाणं हा विनाकारण त्रास आहे. फक्त क्रम बदलावा. आधी खोलीवर जावं, न्याहारी करावी आणि मग नऊ-साडेनऊला अर्धी प्लेट पोहे घ्यावेत. ठेल्यावर सांगायचं, "भैया, हाफ प्लेट, सेव-बूँदी मत डालना, प्याज-नींबू ज़्यादा।" हे १७-१८ ग्रॅममध्ये बसतं. प्रथिनं आणि भाजी आधी, पिठूळ पदार्थ नंतर, असा क्रम ठेवला की पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर एकदम उसळत नाही. मीटर जवळ असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. स्वतःच्या शरीराचा हा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त कामाचा.

खोलीवरची न्याहारी ही या प्रवासाची पाठीचा कणा म्हणावी अशी गोष्ट. अंडी खाणाऱ्यांनी तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि ५० ग्रॅम पनीर: २७ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम कर्बोदकं. न खाणाऱ्यांनी १२० ग्रॅम पनीर, एक वाटी घट्ट दही, वीस ग्रॅम बदाम: प्रथिनं तीसच्या आसपास, कर्बोदकं बारा-तेरा. पनीर डेअरीतून रोजच्या रोज घ्यावं, दोनशे ग्रॅमच्या वर नाही. खोलीत फ्रिज असेल तर गार पाण्यात बुडवून ठेवावं, नसेल तर दोन तासांत संपवावं. इंदुरातली बरीच हॉटेलं शुद्ध शाकाहारी आहेत, तिथे अंडी खोलीत आणण्याआधी विचारावं. चालत असेल तर किटलीत अंडी अशी: अंडी आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं, मग किटलीत ती बुडतील एवढं पाणी, उकळी आली की किटली आपोआप बंद होते, झाकण न उघडता पंधरा मिनिटं तशीच. फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकलं की तडकतं, पांढरं बाहेर येऊन तळाला चिकटतं आणि पुढच्या चहाला जळका वास येतो. किटली स्वतःची न्यायची ती यासाठीच.

पोट भरलं की राजवाडा. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये बांधायला घेतलेली ही सात मजली वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत तिचं मोठं नुकसान झालं, नंतर ती पुन्हा उभी केली गेली. तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत पायी जाता येतं. दुपारच्या जेवणाला कुठलंही बरं रेस्टॉरंट चालेल, ऑर्डर मात्र नेमकी द्यावी. पालक पनीर, तंदुरी चिकन, अंडा भुर्जी, पनीर भुर्जी, कचुंबर, साधं दही. शाही पनीर आणि पनीर मखनीच्या रश्शात साखर असतेच. चिली पनीरला कॉर्नफ्लॉवरचा थर असतो. पनीर टिक्का मागवताना विचारावं की मॅरिनेशनमध्ये बेसन किती आहे. काही ठिकाणी ते फक्त दह्याचं असतं, काही ठिकाणी भजीइतकं जाड.

चहा मात्र गंभीर मामला आहे. टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, "फीकी चाय" मागितली तर ती वेगळी करावी लागते आणि गर्दीत कुणी करत नाही. शिवाय बिनसाखरेच्या कपातही शंभर मिली दूध असेल तर पाच ग्रॅम आलेच. दिवसात असे चार कप म्हणजे साठातले वीस. इथे एक कप चहा, बाकी काळी कॉफी किंवा लिंबू पिळलेला कोरा चहा, असं ठरवून टाकलेलं बरं.

संध्याकाळी छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही दुकानांची रांग आता गाड्यांसाठी बंद आहे, निवांत हिंडता येतं. एग बेंजो हा इथला खास पदार्थ, मधलं ऑम्लेट झकास असतं. पावात साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं, तो बाजूला ठेवला की काम झालं. शिकंजीपासून सावध राहावं. आपल्याकडे शिकंजी म्हटलं की लिंबाचं सरबत डोळ्यांपुढे येतं. इंदुरी शिकंजी आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेव्याची, गोड आणि दाट असते. एका पेल्यात तीस ग्रॅम सहज निघतात.

दुसरा दिवस: रामबागेतलं जेवण आणि सराफा

इंदुरात मराठी माणसाचं कुणी ना कुणी असतंच: आत्या, मावशी, चुलतकाका, सासरच्या बाजूचे कुणी. रामबागेत नाहीतर आसपास कुठेतरी त्यांचं घर असतं आणि तिथे जेवल्याशिवाय सुटका नसते. लो-कार्ब पाळणाऱ्यांची खरी अडचण ठेल्यावर होत नाही, इथे होते. ताटात पुरी, भात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड येतं आणि काकू वाढतच राहतात. 'हे खात नाही, ते खात नाही' असं पानावर बसून सांगितलं की त्यांचा सकाळपासूनचा खटाटोप वाया जातो आणि जेवणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं.

आदल्या दिवशी फोन करावा आणि काय नको ते न सांगता काय हवं ते मागावं. "काकू, उद्या झुणका आणि भरली वांगी कराल का? आणि श्रीखंड करणार असाल तर माझ्यापुरता चक्का साखर घालायच्या आधी बाजूला काढून ठेवा." माणूस आवडीचं मागतंय म्हटल्यावर काकूंना आनंदच होतो.

चक्क्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण असा सोयीचा पदार्थ प्रवासात दुसरा मिळत नाही. एक लिटर दुधाचं दही स्वच्छ पंचात बांधून रात्रभर टांगलं की सकाळी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली जे हिरवट पाणी गळतं त्यात दुधातली बरीचशी साखर वाहून जाते, म्हणून चक्का दह्यापेक्षा घट्ट असूनही गोडाला हलका असतो. शंभर ग्रॅमला पाचच्या आसपास कर्बोदकं. दही नीट विरजलेलं हवं. अर्धवट लागलेलं दही टांगलं तर पाणी नीट सुटत नाही आणि पंचातून दहीच झिरपतं. या चक्क्यात किसून पिळलेली काकडी, मीठ, हिरवी मिरची, वरून जीरावन. श्रीखंडात वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास साखर असते, अर्ध्या वाटीत तीस-पस्तीस ग्रॅम होतात. त्या पानावर हा चक्का वाढला तर पंगतीतले बाकीचेही मागून घेतात.

झुणक्याला चौघांत एक वाटी, म्हणजे शंभर ग्रॅम बेसन धरलं, तर माणशी बारा ग्रॅम निव्वळ. कोरडा, तेलावर चांगला परतलेला झुणका हवा. पातळ पिठलं वाटीवाटीने खाल्लं जातं आणि सोबत भात लागतोच. भरल्या वांग्यांत दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं. गूळ तेवढा वगळायला सांगायचा, साधारण आठ ग्रॅम. एक पेला मठ्ठा, त्यातही साखर नको, चार. चक्क्याचे पाच. एकूण एकोणतीस आणि पोट तट्ट. पोळी घ्यावीच लागली तर एक घ्यावी आणि तिचे वीस रात्रीच्या खात्यातून वळते करावेत. जेवणानंतर गप्पांना बसण्याआधी पंधरा मिनिटं पायी फिरून यावं. पायांचे स्नायू रक्तातली साखर लगेच ओढून घेतात, तासाभराने चाललं तर तेवढा फायदा मिळत नाही.

आता सराफा. सकाळी अंड्यांची न्याहारी चार आणि एक चहा पाच, दुपारी एकोणतीस. रात्री साडेसातला तीन अंड्यांची किंवा १२० ग्रॅम पनीरची भुर्जी, तिचे सहा. चव्वेचाळीस झाले, सोळा उरले. हे सोळा घेऊन साडेनऊनंतर सराफ्यात शिरायचं. साडेसातचं जेवण चुकवून 'तिथेच खाऊ' म्हणणाऱ्यांचा बेत पहिल्या दहा मिनिटांत कोसळतो; भुकेल्या पोटी सराफ्यातल्या वासांपुढे कुणाचंच काही चालत नाही, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखंही काही नाही. म्हणून आधी जेवून जायचं.

सोळा ग्रॅमचं काय घ्यावं? आमचं उत्तर ठाम आहे: गराडू. हा कोनफळाच्या कुळातला कंद, हिवाळ्यातच मिळतो. सोलून, मोठे तुकडे करून आधी तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडक तेलात सोडतात. दुसऱ्या तळणीत कडा तांबूस आणि कुरकुरीत होतात, आत मात्र पिठूळ मऊपणा राहतो. झाऱ्याने निथळून परातीत टाकतात, वर जीरावन आणि लिंबू, परात दोनदा उडवली की मसाला प्रत्येक कडेला चिकटतो. कच्च्या गराडूत शंभर ग्रॅमला निव्वळ चोवीस ग्रॅम असतात. तळताना पाणी उडून जातं, म्हणून तळलेल्या तुकड्यांत तेच पस्तीसपर्यंत चढतात. म्हणजे पाच-सहा तुकडे, पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम. एक द्रोण तिघांत घ्यावा आणि गरम असतानाच सावकाश खावा.

भुट्ट्याचा कीस हवा असेल तर गराडू सोडावं लागेल. कोवळं कणीस किसून तुपात, राई-मिरचीवर दूध घालून शिजवतात. मक्याचे शंभराला वीस, दुधाचे वेगळे, शिवाय काही ठेल्यांवर साखरही पडते. अर्धा द्रोण पुरे. खोपरा पॅटिसमध्ये आत ओल्या नारळाचं सारण असतं आणि ते उत्तमच, पण बाहेरचं आवरण बटाट्याचं. दहीबडा उडदाचा, त्यामुळे प्रथिनं आहेत, फक्त "मीठी चटनी नहीं" हे द्रोण हातात येण्याआधी सांगावं. तो हवेत उडवून झेलताना बघायला मात्र काहीच कर्बोदकं लागत नाहीत, ते जरूर बघावं. मालपुवा, मावाबाटी, रबडी, आणि थाळीएवढा जलेबा यांच्यासाठी या हिशेबात जागा नाही. साबुदाणा खिचडीलाही नाही. उपासाची म्हणून ती हलकी वाटते, पण कोरड्या साबुदाण्यात शंभराला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं आहेत, म्हणजे पोह्यांहून जास्त.

हिशेब जिथे चुकतो ती जागा ठरलेली आहे. पाच जणांचा घोळका असतो, प्रत्येक जण वेगळं काहीतरी घेतो आणि 'एक घास बघ' म्हणून पुढे करतो. एक घास म्हणजे चार-पाच ग्रॅम. आठ घास झाले की चाळीस, आणि लक्षात एकही राहत नाही. चाखायचं ठरलं असेल तर घास मोजावेत, तीनवर थांबावं. आणि कधी पूर्णच गडबड झाली तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नये. उपासाने भूक साठते आणि पुढची रात्र आणखी अवघड जाते. सकाळी नेहमीची तीन अंडी किंवा नेहमीचं पनीर खावं, पाणी प्यावं आणि पुढे निघावं.

तिसरा दिवस: मांडू

इंदूरहून धारमार्गे मांडू सुमारे शंभर किलोमीटर. सातला निघावं. आजचा प्रश्न कर्बोदकांपेक्षा मिठाचा आणि पाण्याचा आहे. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. त्यात जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशाहाची कबर, रूपमती मंडप अशी दिवसभराची पायपीट. दुपारी दोनच्या सुमाराला डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठल्यावर भोवंडतं. लोक समजतात साखर कमी झाली आणि गाडी थांबवून पेढे नाहीतर कोल्ड्रिंक घेतात. मधुमेहाची औषधं नसतील तर बहुतेक वेळा शरीराला हवं असतं मीठ. एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ आणि एक लिंबू, अशा दोन बाटल्या दिवसभरात, शिवाय साधं पाणी. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच. आणि औषधं चालू असलेल्यांनी आधी मीटर लावावं. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून ताबडतोब घ्यावी, तिथे लो-कार्बचा विचार करायचा नाही.

मांडूत खाण्याचे पर्याय थोडे. डबा न्यावा: तीन उकडलेली अंडी किंवा १०० ग्रॅम पनीर, ४० ग्रॅम शेंगदाणे, दोन काकड्या, एक मध्यम पेरू. पेरूत शंभर ग्रॅमला निव्वळ नऊ. सीताफळ किंवा केळं घेतलं तर दुपटीहून जास्त. पनीरच्या चौकोनी तुकड्यांवर निघताना नव्हे, खाताना मीठ-जीरावन घालावं. आधी घातलं की पनीर पाणी सोडतं आणि डब्यात लगदा होतो. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा आहे, तिथल्या सावलीत बसून हा डबा खाण्याइतकं चांगलं जेवण मांडूत दुसरं नाही.

या भागात दाल-पानिया मिळतं. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. एका पानियात साठ-सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर कर्बोदकं चाळीसच्या वर गेली. इंदुरी बाफल्याचंही तेच; कणकेचा गोळा आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. तूप वाईट नाही, पीठही वाईट नाही, पण लो-कार्बवाल्यांनी तूप वाढवलेलं असतं ते पीठ सोडलं म्हणून. दोन्ही एकत्र रोज झालं की ना साखर जागेवर राहते ना वजन. खायचंच असेल तर अर्धा बाफला चुरून, वर एक वाटी डाळ, आणि त्या दिवशी दुसरं काही पिठूळ नाही. रस्त्याकडेला गोरखचिंचेची मोठी फळं विकायला असतात, तिथे त्यांना मांडूची इमली म्हणतात. आतला पांढरा आंबट गर चिमूटभर तोंडात ठेवायला हरकत नाही.

सामिष खाणाऱ्यांना या बाजूला कडकनाथ मिळू शकतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं आणि चिवट, चरबी फारच कमी, म्हणून शिजायला वेळ लागतो; तासभर आधी सांगावं लागतं. रस्सा कांद्या-खोबऱ्याचा असेल तर उत्तम, सोबतच्या मक्याच्या रोट्या सोडाव्यात.

संध्याकाळी घाट उतरून महेश्वर, तासाभराचा रस्ता.

चौथा दिवस: महेश्वर आणि परतीची गाडी

अहिल्याबाईंनी जिथून राज्य चालवलं ते हे गाव. पहाटे घाटावर जावं, नर्मदेवर धुकं असतं. तीर्थक्षेत्र असल्याने जेवण शाकाहारीच धरून चालावं. निमाडात वांग्याचं भरीत सुरेख करतात, आणि अंबाडीची भाजी मिळाली तर सोडू नये. ज्वारीची भाकरी सोबत येते, ती चतकोर घ्यावी. ढाब्यावर भरीत, साधं दही आणि "सूखी पनीर भुर्जी, ताज़ा बनाना" एवढं पुरतं. तयार केशरी ग्रेव्ही घालून आणली तर परत करायला संकोचू नये. शेव-टमाटरची भाजी माळव्यात सगळीकडे दिसते, चवीला छान, पण एका वाटीत तीस-चाळीस ग्रॅम शेव असते आणि ती बेसनाची.

चार दिवसांत पालेभाजी कमी आणि पनीर जास्त झालं की पोट साफ होत नाही. रात्री एक चमचा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, किमान एक मोठा पेला. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच फुगून बसतं आणि त्रास वाढतो.

इंदूरला परतल्यावर गाडीला दोन तास तरी मिळावेत, कारण नमकीनच्या दुकानातली खरेदी राहते. लवंगी शेव घरच्यांसाठी घ्यावी. स्वतःला हवी असेल तर मुठीचा हिशेब लक्षात ठेवावा: वीस ग्रॅमला आठ. जीरावन मात्र सढळ हाताने घ्यावं. जिरं, धणे, बडीशेप, लवंग, हिंग, आमचूर, काळं मीठ, सुंठ असं बरंच काही त्यात असतं. पाकिटामागची यादी वाचून साखर नसलेलं निवडावं. अर्ध्या चमच्यात कर्बोदकं ग्रॅमभरही नसतात, आणि पोह्यांची, गराडूची, दहीबड्याची जी चव जिभेवर राहते ती बरीचशी याचीच. घरी उकडलेल्या अंड्यावर, काकडीवर, चक्क्यावर महिनाभर पुरतं. पाकीट फोडल्यावर काचेच्या बरणीत भरून घट्ट झाकण लावावं, काळं मीठ दमट हवेत पाणी धरतं आणि गोळे होतात.

घरी पोचल्यावर लगेच वजनकाट्यावर उभं राहू नये. हिशेब साठच्या वर गेला असेल तर काटा एक-दीड किलो जास्त दाखवतो. शरीर साठवलेल्या दर एक ग्रॅम साखरेबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं, हे वजन मुख्यतः त्या पाण्याचं. नेहमीच्या जेवणावर आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी मोजावं. परतीच्या गाडीसाठी पुन्हा भुर्जीचाच डबा. हॉटेलवाल्याला सकाळीच सांगून ठेवावं की कोरडी करा, आणि गार झाल्याशिवाय झाकण लावू नका.